तेवीस नंबरचा वाल

नाव : धोंडिराम किसन होवाळ. वय : अंदाजे साठ. जन्मतारीख : १ जून (शाळेच्या मास्तरांनी ठरविलेली). हुद्दा : पाणीवाटप कर्मचारी, हंगामी, सन १९९८ पासून. बांधा : मध्यम, पोट वगळून. ओळखीची खूण : उजव्या पोटरीवर कुत्रे चावल्याचे व्रण (तीन). संस्थेच्या लाभक्षेत्रातील जमीन : निरंक. व्यसन : निरंक (तोंडी माहितीवरून). वर्तणूक : समाधानकारक.

हा मजकूर पलूस तालुक्यातल्या एका उपसा पाणीपुरवठा संस्थेच्या दप्तरात आहे. संस्था सहकारी आहे, म्हणजे पाणी कृष्णेचं, मोटार कर्जाची आणि भांडणं सभासदांची. नदीतून उचललेलं पाणी माळावरच्या हौदात पडतं आणि तिथून पंचवीस व्हॉल्व्हमधून रानोमाळ जातं. व्हॉल्व्हला गावात वाल म्हणतात. एक वाल उघडायचा, त्याच्याखालचं रान भिजलं की बंद करायचा, मग दुसरा. पंचवीस वालांचा फेरा पुरा व्हायला बारा दिवस लागतात. या फेऱ्याला पाळी म्हणतात, आणि पाळी फिरवणाऱ्याच्या हातात एक लोखंडी चावी असते. कमरेएवढी उंच, वर आडवी मूठ.

ती चावी धोंडिरामकडे आली ती ‘जमीन निरंक’ या दोन शब्दांमुळे. ज्याला रान नाही त्याला पाणी चोरायचं कारण नाही, असा विचार तेव्हाच्या संचालकांनी केला आणि ठरावात ‘नि:पक्षपाती इसम’ असा शब्द घातला. होवाळांकडे जमीन का नाही, याची चर्चा ठरावात नव्हती. धोंडिरामच्या आज्याला याच गावात ओंजळीत वरून पाणी ओतत. नातू आता सगळ्या गावाला पाणी सोडत होता. यावर धोंडिराम कधी काही बोलला नाही. चावी मात्र दर रविवारी तेलाच्या फडक्यानं पुसायचा.

पाळी फिरवणं दिसतं तेवढं सोपं नाही. वालांना नंबर आहेत, पण पाणी नंबरानं जात नाही. तीननंतर सात येतो, कारण सात नंबर चेअरमन जयराजच्या आजोबांचा आणि त्यांना वाट बघायची सवय नव्हती. नऊ आणि दहा सख्खे भाऊ. एकाच्या पाठोपाठ दुसऱ्यानं पाणी घ्यायचं नाही अशी त्यांची शपथ, म्हणून मध्ये चौदा. सगळ्यांत शेवटी पंचवीस यायला हवा, पण येतो तेवीस. तेवीस नंबर चढावर आहे. बाकीचे चोवीस वाल घट्ट बंद केल्याशिवाय तिथं पाणी चढतच नाही. तिथं बिराप्पा नावाच्या मेंढपाळाचं तीस गुंठे रान आहे. मधल्या कुणीही वाल थोडा ढिला ठेवला की बिराप्पाच्या वाट्याला फक्त पाइपातली हवा.

हा क्रम कुठं लिहिलेला नाही. लिहिला असता तर कुणीतरी त्यावर हरकत घेतली असती. तो धोंडिरामच्या डोक्यात होता, आणि सत्तावीस वर्षं तो तिथं सुरक्षित आहे असं सगळे धरून चालले होते.

आणखी एका डोक्यात तो होता, पण त्याची नोंद नव्हती. धोंडिरामची बायको आक्काताई, माहेर साताऱ्याकडं खंडाळ्याचं, रोज दुपारी भाकरी घेऊन रानात जायची. धोंडिराम फोन उचलत नसे. त्यामुळे नवरा आज कुठल्या वालावर सापडेल हे तिला आधीच ठाऊक असणं भाग होतं. नाहीतर भाकरी वाळायची.

तर, गेल्या पावसाळ्यात धोंडिरामचे पाय सुजले. मग पोट वाढलं. पलूसच्या डॉक्टरांनी सांगलीला पाठवलं, सांगलीत पोटाची सोनोग्राफी झाली आणि लिव्हर आक्रसून दगडासारखं झाल्याचं निघालं. सिरोसिस. धोंडिरामनं आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता. पंधरा वर्षांची साखर आणि लिव्हरवर साठलेली चरबी यांनी हे काम बिनदारूचं केलं होतं. असं होतं, असं डॉक्टर म्हणाले. गावाला ते पटलं नाही. गावात लिव्हर फक्त दारूनंच जातं. “गपचूप घेत आसंल,” असा निष्कर्ष निघाला, आणि ज्यांना तीस वर्षं रोज संध्याकाळी लोकांनी उचलून घरी आणलं होतं, ते धोंडिरामला भेटून, “गड्या, आता तरी सोड,” असं मनापासून सांगून गेले.

औषधात एक गोड, दाट, पाकासारखी बाटली होती. दिवसातून दोन-तीनदा पोट साफ झालं पाहिजे, हे त्या बाटलीचं काम. कशासाठी, हे तेव्हा गर्दीत नीट सांगायचं राहिलं. धोंडिरामनं बाटली इमानानं घेतली. बाटलीही इमानी निघाली. वालावर उभं असताना केव्हाही हाक यायची, पण चहूबाजूंनी डोक्याच्या वर ऊस होता. माणूस आत शिरला की दिसेनासा व्हायचा.

फेब्रुवारीत तोडणी झाली. टोळ्या आल्या, कोयते चालले आणि पंधरा दिवसांत माळ असा मोकळा झाला की हौदावर उभं राहिलं तर पाच नंबरवर कोण शिंकलं ते दिसावं. धोंडिरामनं चारी दिशांना एकदा बघितलं आणि बाटली फडताळात मागं सारली. खोडवा, म्हणजे तोडल्या बुडख्यांतून फुटलेला ऊस, कमरेएवढा झाला की परत सुरू करू, असा त्याचा हिशेब होता. हिशेबात चूक नव्हती. ऊस वाढायला लागणारा वेळ आणि डोकं बिघडायला लागणारा वेळ यांत फरक असतो, एवढंच त्याला माहीत नव्हतं.

पहिल्यांदा बदल आक्काताईला दिसला. धोंडिराम दिवसा झोपायला लागला आणि रात्री टक्क जागा राहायला लागला. प्रश्न विचारला की उत्तर यायचं, पण तोवर विचारणारा दुसऱ्या कामाला लागलेला असायचा. “मीठ पायजे का?” असं तिनं जेवताना विचारलं, तर “न्हाई” हे उत्तर तो हात धुताना बोलला. शर्टाची बटणं एक घर चुकून लागू लागली. हजेरीपुस्तकातली सही, जी सत्तावीस वर्षं रेघेवर सरळ बसत होती, ती मार्चात डोंगर चढायला लागली आणि एके दिवशी वरच्या ओळीतल्या मोटार ऑपरेटरच्या सहीवर जाऊन बसली.

“आवं, काय हुतंय तुमास्नी?” आक्काताईनं विचारलं.

“मला काय धाड भरलीया?” धोंडिराम म्हणाला. तेही जरा वेळानं.

मग सात नंबरचं प्रकरण झालं. जयराजच्या मुलीचा साखरपुडा होता. दारात मांडव, खुर्च्यांना पांढरी कापडं, माधवनगरहून आलेले कापडवाले पाहुणे. धोंडिरामनं सकाळी सात नंबर उघडला आणि आंब्याखाली बसला. बसल्या बसल्या झोपला. पाणी रान भिजवून बांधावरून निघालं, पाणंदीनं चाललं आणि साडेबाराला मांडवात शिरलं. पाहुण्यांनी चपला हातात घेऊन साखरपुडा उरकला. भटजी एका पायावर उभे होते, असं काही जण सांगतात, पण ते वाढवून सांगितलेलं असावं.

जयराज स्वतः आंब्याखाली आला. त्याचं वय पंचेचाळीस, पांढरे कपडे, गुडघ्याखाली चिखल.

“धोंडिबा! आरं उठ! किती घेतलीस आज?”

धोंडिरामनं डोळे उघडून त्याच्याकडं शांतपणे पाहिलं. “तुमचे आजोबा कुठायत?” तो म्हणाला. “त्यास्नी म्हनावं, भिजलं रान.”

आजोबांना जाऊन एकवीस वर्षं झाली होती.

दोन दिवसांनी नोटीस आली. ‘आपल्या मेंदूच्या स्थितीबाबत सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला वार्षिक सभेपूर्वी सादर करावा, अन्यथा आपली सेवा आपोआप संपुष्टात आली असे समजणेत येईल. तोपर्यंत आपणांस कामावरून दूर ठेवणेत येत आहे.’ खाली पेनानं एक ओळ होती : ‘पाळी मात्र चालू ठेवावी.’ कारण क्रम दुसऱ्या कुणाला येत नव्हता. धोंडिराम कामावरून दूर झाला आणि दुसऱ्या दिवशी आठ नंबर उघडायला गेला.

सांगलीला दोघं एसटीनं गेली. मोटारसायकलची चावी आक्काताईनं आदल्या दिवशीच पिठाच्या डब्यात टाकली होती. पोटाच्या डॉक्टर राजेश्वरी चाळिशीच्या, बोलायला सडेतोड. त्यांनी धोंडिरामला दोन्ही हात पुढं ताणून पंजे वर उचलायला सांगितले, वाहतूक पोलीस गाडी अडवतो तसे. धोंडिरामनं उचलले. पंजे मधूनच गळायचे आणि परत उठायचे, जणू कुणी बोटं ओढून सोडत होतं.

“मामा, ते गोड औषध घेताय ना?”

“ऊस हुता तवर घेत हुतो.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे?”

आक्काताईनं सांगितलं. तोडणी, माळ, आडोसा.  औषध बंद करायची कारणं डॉक्टरीणबाईंनी पुष्कळ ऐकली होती. हे त्यांतलं नव्हतं.

मग त्यांनी समजावलं. आतड्यात अन्न कुजताना अमोनिया तयार होतो. चांगलं लिव्हर तो गाळून टाकतं. यांचं लिव्हर आता गाळत नाही, त्यामुळे तो रक्तातून थेट मेंदूत जातो. पोट साफ राहिलं तर साठत नाही. बद्धकोष्ठ झालं की डोक्यावर धुकं.

“अमोनिया,” धोंडिराम म्हणाला. “युरियाच्या पोत्याला वास येतो त्योच का?”

“तोच.”

धोंडिराम विचारात पडला. “डोक्याला युरिया दिलाय म्हंजे वाढ तरी व्हायला पायजे हुती.”

“मामा, एक मिनिटात जेवढी आठवतील तेवढ्या जनावरांची नावं सांगा,” डॉक्टरीणबाई घड्याळ काढत म्हणाल्या. “सुरू.”

“म्हस.” त्यानं एक बोट मिटलं. “गाय. कुत्रं.” मग त्याला वाट सापडली. “चार नंबरचं कुत्रं. नऊ नंबरचं पांढरं कुत्रं. सात नंबरचं, त्ये चावतंय. बारा नंबरवर दोन हायती...”

“कुत्रा एकदाच धरायचा, मामा.”

“एकदाच?” धोंडिरामला हा अन्याय वाटला. “बाई, सगळी येगळी हायती. पोटरी दावू का?”

मिनिट संपलं. कागदावर तीन आकडा लागला.

शेवटी एक छापील कागद आला. त्यावर एक ते पंचवीस आकडे गोलांत, इकडं तिकडं विखुरलेले. क्रमानं रेघ ओढून जोडायचे. शहाण्या माणसाला अर्धा-पाऊण मिनिट लागतं. ही चाचणी ज्यांनी काढली त्यांना पलूसची पाणीयोजना माहीत असायचं कारण नव्हतं, पण आकडे बरोबर पंचवीस होते. धोंडिराम कागदाकडं वाकला. त्या दिवसात पहिल्यांदा त्याचा चेहरा उजळला. रेघ नांगराच्या तासासारखी वाकडी जात होती, पण जात होती. साडेतीन मिनिटांनी त्यानं पेन ठेवलं.

डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला आणि मान हलवली. “बघा मावशी. तीनपर्यंत ठीक, मग थेट सात. चार पाच सहा नंतर. नऊनंतर चौदा, मग दहा. काही लागतच नाहीये. मेंदूवर बऱ्यापैकी परिणाम झालाय.”

आक्काताईनं कागद हातात घेतला. अक्षरं ती सावकाश वाचायची, पण हा कागद तिला वाचावा लागला नाही. बोट ठेवून ती रेघेवरून चालत गेली, भाकरी घेऊन जावी तशी. तीन, सात. बांध उतरून चार. नऊ, चौदा, दहा.

“बाई,” ती म्हणाली, “ही पाळी हाय. पान्याची. समदी बरोबर लावलीया त्येनी.”

डॉक्टरीणबाईंना सांगावं लागलं. सांगून झाल्यावर त्या पहिल्यांदाच हसल्या. “क्रमानं जोडा म्हणाले, कुठल्या क्रमानं ते मी सांगितलं नाही. पण मावशी, साडेतीन मिनिटं लागली. आणि हा एक सुटलाच.” त्यांनी नखानं दाखवलं. सगळी रेघ पंचवीसवर येऊन थांबली होती. कोपऱ्यात तेवीस एकटा राहिला होता, कशालाच न जोडलेला.

 परतीच्या एसटीत धोंडिराम तिच्या खांद्यावर झोपला. पिशवीत गोड औषधाच्या चार बाटल्या होत्या, आतड्यासाठीच्या गोळ्या होत्या आणि सूचनांचा कागद होता. डाळ, दूध, अंडी बंद करायची नाहीत. झोपेची गोळी घ्यायची नाही. गाडी चालवायची नाही. तीन आठवड्यांनी परत चाचणी, मग दाखल्याचं बघू. आक्काताईचं लक्ष कागदावर नव्हतं. ती मागच्या दोन पाळ्या आठवत होती. शेवटच्या दिवशी भाकरी घेऊन ती चढावर गेली होती का? दोन्ही वेळा धोंडिराम दुपारीच घरी आला होता. “झाली पाळी,” म्हणाला होता. तिलाही पायपीट वाचली म्हणून बरंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चढावर गेली. बिराप्पा मेंढरं कोंडायच्या जाळीच्या वाघरीपाशी बसला होता. मागं त्याचा मका उभा होता. म्हणजे उभा होता एवढंच. पानं सुरळी होऊन पांढरी पडली होती.

“बिराप्पादाजी, गेल्या पाळीला पानी आलं हुतं का?”

“आलं की,” बिराप्पा मेंढराकडं बघत म्हणाला.

“कवा?”

“आलं आसंल.”

“दाजी, माझ्याकडं बघून सांगा.”

बिराप्पानं तंबाखू थुंकली. “न्हाई आलं. त्येच्या आदल्याबी पाळीला न्हाई आलं.”

“मग बोलला का न्हाई वं? सांगायचं तरी मला!”

“आगं, सत्तावीस वर्सांत धोंडिबा एक दीस चुकला न्हाई.” बिराप्पाला खरोखरच अवघड वाटत होतं. “मी म्हटलं, मीच दीस मोजायला चुकलो. म्हनून दुसऱ्या दिवशीबी वाट बघितली. तिसऱ्याबी.”

आक्काताईनं मक्याचं एक पान हातात घेतलं, त्याचा चुरा झाला. मग म्हणाली, “त्येस्नी सांगू नगा.”

“मी कशाला सांगतोय?” बिराप्पा म्हणाला. “आनि ह्यो मका काय, मेंढरं वाळलाबी खात्यात.”

त्या दिवसापासून आक्काताई सकाळपासून बरोबर जायला लागली. पाळीच्या शेवटी चढावर तीच त्याला घेऊन जायची. बाटलीच्या वेळा तिनं हातात घेतल्या आणि आडोशाचा प्रश्न मुळापासून घेतला. हौदाशेजारी संस्थेचं शौचालय होतं. गाव हागणदारीमुक्त जाहीर झालं त्या साली ते बांधलं होतं, समोर उभं राहून संचालकांनी फोटो काढला होता आणि मग कुलूप लावलं होतं. ती जयराजच्या दारात गेली.

“त्या संडासाची किल्ली द्या.”

“त्यात युरियाची पोती हायती गं आक्काताई.”

“युरियानंच तर समदं झालंय म्हनं.”

हे जयराजला कळलं नाही, पण किल्ली दिली. बिराप्पानं आणि तिनं मिळून अकरा पोती बाहेर काढली. अशा रीतीनं बांधल्यापासून सातव्या वर्षी शौचालयाचा लाभार्थी आला.

औषधानं काम केलं. आठवड्यात धोंडिराम रात्री झोपायला लागला. उत्तरं प्रश्नाच्या जवळपास यायला लागली. बटणं जागेवर आली. एक दिवस तो आपणहून म्हणाला, “जयराजच्या मांडवात पानी मी सोडलं व्हय गं?” आणि दिवसभर कुणाशी बोलला नाही. आक्काताईला वाटलं, हे धुकं गेल्याचं लक्षण आहे. लाज वाटायला मेंदू शाबूत लागतो.

तीन आठवड्यांनी त्यानं सांगलीत कागदावरचे आकडे एकापासून पंचवीसपर्यंत, शाळेतल्या पोरासारखे, एक मिनिटाच्या आत जोडले. जनावरं सोळा सांगितली, कुत्रं एकदाच. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. त्यांनी दाखला लिहिला आणि देताना आक्काताईला म्हणाल्या, “मावशी, आजार गेलेला नाही. झाकलाय. नवीन लक्षात राहायला, लांबची यादी सांगायला यांना अडेल कधीकधी. लक्ष ठेवा.”

एसटीत बसल्यावर आक्काताईनं हळूच विचारलं, “आवं, पाळी म्हना बघू.”

धोंडिरामनं म्हटली. एक, दोन, तीन, सात. खडाखडा. चोवीस, पंचवीस. आणि थांबला.

“मग?”

“मग काय? मग परत एक.”



सभा एप्रिलच्या शेवटी शाळेच्या वर्गात भरली. साठेक सभासद बाकांवर कसेबसे मावले. आक्काताई सभासद नव्हती, म्हणून दारात उभी होती. धोंडिराम फळ्याखाली, धुतलेला सदरा, हातात चावी. चावी आणायला कुणी सांगितलं नव्हतं. तो तसाच आला होता. आक्काताईचं लक्ष त्या चावीवरच होतं. काम गेलं तर जेवायला कमी पडणार नव्हतं; कुणाल, थोरला, चाकणला कंपनीत होता आणि “आबा, बास करा आता” असं दर फोनला म्हणत होता. पण दर रविवारी हा माणूस काय पुसत बसणार, हे कुणालला सांगता येत नव्हतं.

जयराजनं दाखला वाचला. “‘रुग्ण सध्या पूर्ण शुद्धीत आहे. लक्ष व स्मरण कामापुरते ठीक. औषध खंडित करू नये. वाहन चालवू नये. कामावर सोबत माणूस असावा.’”

“कामापुरतं म्हंजे किती?” मागून कुणीतरी म्हणालं. “मांडवापत्तर का त्येच्या म्होरं?”

हशा झाला. जयराजही हसला, मग हसायचा थांबला. मांडव त्याचा होता.

“धोंडिबा, आसं कर,” तो म्हणाला. “पाळी म्हनून दाव. समद्यांच्या म्होरं. मग कुनाची तक्रार नगं.”

धोंडिरामनं घसा साफ केला आणि सुरुवात केली. वर्गात गंभीर शांतता पसरली, पण ती जागोजागी फुटत गेली. ज्याचा नंबर आला तो मान डोलवायचा आणि फोन काढायचा. बारा नंबर झाल्यावर निम्मा वर्ग तंबाखू मळत होता. स्वतःच्या पुढच्या नंबराशी कुणालाच काही कर्तव्य नव्हतं. सत्तावीस वर्षं तो क्रम दुसऱ्या कुणाला पाठ का झाला नव्हता, हे त्या दिवशी कुणी पाहिलं असतं तर कळलं असतं.

“...एकवीस, बावीस, चोवीस, पंचवीस,” धोंडिराम म्हणाला आणि थांबला.

“कुनाचा ऱ्हायला का रं?” जयराजनं विचारलं.

 आक्काताईनं शेवटच्या बाकाकडं बघितलं. बिराप्पा काठीवर हनुवटी टेकून बसला होता. त्यानं घोंगडं सारखं केलं आणि उभा राहिला.

“बरोबर हाय,” तो म्हणाला. “लय बरोबर म्हनला.” आणि बसला.

जयराजनं पेनाचं टोपण काढलं. ठराव लिहायला सुरुवात झाली. आक्काताईला फक्त गप्प राहायचं होतं. दारात उभं राहणाऱ्या माणसाला तेवढं सहज जमतं. चावी नवऱ्याच्या हातात राहणार होती. तेवीस नंबरला पाणी तिनं लक्ष ठेवून सोडायला लावलंच असतं. या पाळीला, पुढच्या पाळीला. ती आजारी पडेपर्यंत, किंवा माहेरी जाईपर्यंत. आणि मग बिराप्पा परत तीन दिवस वाट बघत बसला असता. स्वतःचंच मोजायला चुकलं, असं म्हणत.

“बरोबर न्हाई,” ती म्हणाली. “तेवीस ऱ्हायलं.”

सगळ्यांनी मागं वळून बघितलं.

“आक्काताई, ज्येचा नंबर त्योच म्हनतोय बरोबर हाय.”

“त्यो म्हननारच. दोन पाळ्या पानी न्हाई आलं, मका वाळून गेला, तरी ह्यो मानूस बोलला न्हाई. आनि ह्येनी मुद्दाम न्हाई केलं. आजारच तसला हाय. प्यालेले नव्हते, आनि आजबी न्हाईत. पन तेवीस इसरत्यात.” तिनं नवऱ्याकडं बघितलं नाही. “काम ऱ्हाऊ द्या न्हाईतर काढा. पन तेवीसला पानी पोचलं पायजे.”

धोंडिराम तिच्याकडं बघत होता.  बिराप्पा जमिनीकडं बघत होता, जणू चोरी त्याची सापडली होती.

“तेवीस,” अखेर धोंडिराम म्हणाला. “चढाचं. समदे वाल बंद केल्यावर.” उत्तर बरोबर होतं. फक्त सभेच्या मानानं उशिरा आलं होतं. मग तो बिराप्पाकडं वळला. “दोन पाळ्या?”

“मका हुता गड्या,” बिराप्पा म्हणाला. “ऊस आसता तर भांडलो आसतो.”

जयराजनं पेन खाली ठेवलं. “आता काय करायचं? दुसऱ्या कुनाला येतीया का पाळी?”

साठ माणसं विचार करायला लागली. प्रत्येकाला आपला नंबर येत होता, आणि आपल्या आधी कोण पाणी दाबून घेतो त्याचा. त्यापुढं सगळा अंधार.

“म्हनू का?” दारातून आक्काताई म्हणाली. कुणी हो म्हणायच्या आत तिनं सुरुवात केली होती. एक, दोन, तीन, सात. प्रत्येक नंबराला ती किंचित थांबायची. पायाखालचा बांध बदलल्यासारखी. पंचवीस झाल्यावर तिनं श्वास घेतला आणि “तेवीस” म्हणाली.

“आरं तिच्या,” जयराज म्हणाला. सभावृत्तांतात हे नाही.

वृत्तांतात आहे ते असं : ‘ठराव क्र. ४. पाणीवाटप कर्मचारी श्री. धोंडिराम किसन होवाळ यांच्या मेंदूची सभेने समक्ष पाहणी केली. तो समाधानकारक आढळून आला. सबब त्यांना सेवेत पूर्ववत कायम ठेवणेत येत आहे. सोबतच्या माणसाबाबत निर्णय पुढील सभेत घेणेत यावा. ठराव सर्वानुमते मंजूर.’

पुढची पाळी सोमवारी सुरू झाली. तेवीस नंबरला पाणी बाराव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी पावणेतीनला चढलं. वाल आक्काताईनं उघडला.